जुन्या पार्टवाल्याचा हिशेब

बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीत एखाद्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानाचे शटर कायमचे खाली आले, की पुढचे आठ दिवस गॅरेजांत आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या बैठकीत तोच वाद पुन्हा रंगतो. एक गट म्हणतो, गेली ती माणसे, शब्दाला जागणारी, रात्री घरी जाऊन उठवले तरी दुकान उघडून फॅन बेल्ट देणारी. दुसरा गट म्हणतो, बरे झाले गेली, दहाचा बुश शंभराला विकत होती, आता मोबाइलवर सगळे घरपोच मिळते. दोन्हीकडे आवाज चढतो आणि दोन्हीकडची मंडळी एकाच फालतू प्रश्नात अडकतात: पार्टवाला सज्जन होता की लबाड? याने काय ठरणार? काही सज्जन होते, काही लबाड होते, आणि बरेचसे गिऱ्हाईक बघून दोन्ही होते. खरा मुद्दा वेगळा आहे. जुना पार्टवाला गल्ल्यावर दोन वस्तू देत होता, एक लोखंड आणि दुसरी ओळख: हा पार्ट नेमका कोणता, कशाला बसतो, आणि कशाला बसल्यासारखा वाटतो पण बसत नाही. बिल मात्र तो फक्त लोखंडाचे करायचा. लोखंड आजही मिळते, काही बाबतींत पूर्वीपेक्षा स्वस्त मिळते. ओळख मात्र दुकानाबरोबर बुडते आहे, कारण तिची किंमत कोणी कधी वेगळी मोजलीच नाही, ना गिऱ्हाइकाने ना दुकानदाराने. म्हणून दुकानांसाठी गळा काढणे मला पटत नाही, आणि त्यांच्या जाण्याने काही बिघडले नाही हे तर त्याहून पटत नाही.

आधी ओळख म्हणजे काय ते नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती गप्पांची गोष्ट वाटते. गल्ल्यावरचे बोलणे साधारण असे चाले:

"मामा, फियाटचा व्हील सिलेंडरचा किट पाहिजे होता."

"पुढचा की मागचा?"

"मागचा."

"जुना रबर कुठाय?"

"टाकला की."

"मग आधी तो शोधून आण जा."

गिऱ्हाइकाला हा माज वाटे. पण मामाला माहीत असे, की गाडीच्या नावावरून किट दिला तर तीनांतले एक गिऱ्हाईक परत येणार, तेही पाकीट फोडून. रबरी कपावर बोअरचे, म्हणजे सिलेंडरच्या भोकाचे, माप उठवलेले असते; जुना कप हातात आला की गाडी कुठल्या सालची, मध्ये कोणी सिलेंडर बदलला का, हे प्रश्न तिथेच मिटतात. मग गाडी इंचाची की मिलिमीटरची हे बघायचे. अँबेसेडर आणि जीप इंचाच्या, त्यांना ७/१६, १/२, ९/१६ चे पाने. फियाट मिलिमीटरची, तिला दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. गॅरेजच्या पोरालाही हे पहिल्या महिन्यात कळते. अडचण पुढे आहे. वीस-पंचवीस वर्षे चार गॅरेजे फिरलेल्या गाडीत इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवलेला असतो, आणि तो ओळखायला आटे मोजायची पट्टी लागते किंवा चाळीस वर्षे आटे बघितलेली बोटे लागतात.

ब्रेकच्या नळीच्या नटावर हे जिवावर बेतते. इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत हा नट सहसा ३/८ यूएनएफ, म्हणजे इंचाच्या बारीक आट्यांचा, असतो: व्यास ९.५२५ मिमी, इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.०५८ मिमी. मेट्रिक गाड्यांत तोच नट एम १० बाय १: व्यास १० मिमी, अंतर १ मिमी. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. यूएनएफचा नट मेट्रिकच्या भोकात हाताने दोन-चार आटे सहज जातो, पाना लावला की घट्टही वाटतो. पेडल दाबून बघितले तरी गळत नाही. मग चोर्ला घाटात उतरताना एकदा पेडल जोरात दाबले, आत पन्नास-साठ बारच्या वर दाब चढला, की कडांना धरून बसलेले आटे सुटतात आणि पेडल फळीला लागते. एकच सर्किट असलेल्या जुन्या गाडीत मग चारही चाकांचा ब्रेक गेला. ही चूक कोणी मुद्दाम करत नाही. नळी मागवताना "ब्रेक पाइप, पुढचा, डावा" एवढेच लिहिले जाते आणि पाठवणाराही तेवढेच वाचतो. गल्ल्यावरचा माणूस नट चिमटीत धरून नमुन्याच्या भोकात एक आटा फिरवायचा. हलला तर नाही म्हणायचा. या एका "नाही"चे त्याने कधी पैसे घेतले नाहीत.

आता दुसऱ्या गटाचे ऐकू, कारण त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा खरा आहे. लूट होत होती. खरेदीची किंमत डब्यावर दहा अक्षरी शब्दाच्या सांकेतिक भाषेत लिहिलेली असे, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. गिऱ्हाइकासमोर डबा धरूनही नफा कळू नये ही सोय. बैलबाजारात कापडाखाली बोटे दाबून चालणारी करपल्लवी, तीच इथे शाईने. त्याहून वाईट म्हणजे काही जण बेअरिंगवरचा नंबर एमरीने घासून टाकत. कारण उघड आहे. ६२०३ म्हणजे भोक १७, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२ मिमी. असे बेअरिंग डायनॅमोतून निघाले की पाण्याच्या मोटरीतून, त्याला काही फरक पडत नाही. नंबर वाचता आला तर गिऱ्हाईक दोन गल्ल्या सोडून बेअरिंगच्या दुकानातून निम्म्या पैशात ते घेईल. ऑइल सीलचेही तसेच, त्याच्या अंगावरच आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. हे ज्ञान दडवून त्यावर पैसे करणे हा शुद्ध स्वार्थ होता, आणि "गेली ती माणसे" म्हणणाऱ्यांनी तो गिळून टाकू नये.

पण लुटीचा आकडा मांडताना दुसरी बाजूही हिशेब अर्धाच करते. पार्टच्या दुकानातला माल किराणा नव्हे. फॅन बेल्ट महिन्यात दहा जातात. अँबेसेडरच्या स्टिअरिंग रॅकचा बुश वर्षात एखादा जातो, जीपच्या ट्रान्सफर केसचा एखादा गिअर दहा वर्षांत एकदा. शंभर रुपयांचा पार्ट बारा वर्षे फळीवर पडून राहिला आणि भांडवलाचे व्याज साल दराने १२ टक्के धरले, तर तेराव्या वर्षी तो दुकानदाराला ३९० रुपयांच्या आसपास पडलेला असतो. त्याने तो चारशेला विकला तर गिऱ्हाईक म्हणते चौपट घेतले. त्याच्या वहीत दहा रुपये उरले. हे व्याज कोणी भरायचे? मोबाइलवरचा विक्रेता ते भरत नाही, कारण तो असा माल ठेवतच नाही. त्याच्या पडद्यावर "सध्या उपलब्ध नाही" एवढेच येते आणि त्याचा राग कोणाला येत नाही. मात्र हेही खरे, की बारा वर्षे पडलेला आणि दोन महिन्यांत गेलेला, दोन्हींना चारशेच लावणारे दुकानदार होते. व्याजाचे कारण खरे असले म्हणून दर वेळी तेच कारण होते असे नाही.

डुप्लिकेट मालाचा आरोपही खरा, पण तो करणाऱ्यांना "ओरिजिनल" म्हणजे काय हे सहसा माहीत नसते. गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नव्हती. पिस्टन मद्रासच्या इंडिया पिस्टन्सचा, डायनॅमो-स्टार्टर लुकास टीव्हीएसचा, डिझेलचा पंप बेंगळुरूच्या मायकोचा. तोच पिस्टन गाडीच्या कंपनीच्या डब्यात आला की ओरिजिनल, आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात आला की गिऱ्हाइकाच्या तोंडी लोकल. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले, बेळगाव त्यांतला एक. निपाणी-अथणीच्या कारागिराची चप्पल कोल्हापुरी नव्हे असे कोणी म्हणेल काय? नाव एका गावाचे, हात दुसऱ्या गावाचे. पार्टचे तसेच आहे. चांगला पार्टवाला डबा न बघता माल बघायचा: पिस्टनच्या डोक्यावरचे माप, रिंगेच्या खाचेची धार, बुशाच्या आतला फिनिश. वाईट पार्टवाला डबेच साठवून ठेवायचा आणि त्यांत काहीही घालायचा. म्हणून रिकामा डबा गॅरेजने फाडूनच टाकावा, ही त्या काळातल्या शहाण्या मेस्त्रींची रीत होती, आणि ती आजही सोडू नये.

आता पहिल्या गटाकडे वळू, कारण त्यांच्या भोळेपणाने जास्त गाड्या बंद पडल्या आहेत. "जुना सीलबंद माल" हा शब्द ऐकला की यांचे डोळे पाणावतात. धातूच्या पार्टला ते शोभते. तेल लावून मेणकागदात गुंडाळलेला १९७० चा व्हॉल्व्ह आज काढून बसवावा. रबराला ते शोभत नाही. ब्रेकचा कप पाकिटातही म्हातारा होतो. दहा वर्षांवरचा कप असेल तर ओठ दोन बोटांत मुडपून बघावा: बारीक भेगा दिसल्या, किंवा दाबलेला ओठ चटकन परत आला नाही, तर तो कचरा आहे, मग पाकिटावर कोणाचेही नाव असो. रबराची जातही बघावी लागते. नायट्राइल रबर इंजिन ऑइलला आणि पेट्रोलला चालते, पण ब्रेक ऑइलमध्ये फुगते. ईपीडीएम ब्रेक ऑइलला चालते आणि इंजिन ऑइलमध्ये फुगते. शंका असेल तर कपाचा व्यास व्हर्नियरने मोजायचा, बाटलीच्या झाकणात ब्रेक ऑइल घालून दोन दिवस बुडवून ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा. फुगलेला कप सिलेंडरमध्ये अडकतो, ब्रेक सुटत नाही, आणि चाक तापून लाल झाल्यावर मालक म्हणतो लायनर खराब निघाले.

इंधनाचे तर सगळे गणितच बदलले. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे आहे, आणि ते इथेनॉल ज्या कारखान्यांतून येते त्यांतले कितीतरी याच चिकोडी-अथणी-गोकाकच्या उसाच्या पट्ट्यात आहेत. आपल्याच शेतातला ऊस आपल्याच जुन्या पंपाचा डायफ्राम खातो, हा विनोद इथल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पंपाचा जुन्या पद्धतीचा डायफ्राम, फ्लोट चेंबरखालचे बुचाचे पॅकिंग, नळीचे साधे रबर, हा सगळा सीलबंद जुना माल या पेट्रोलसाठी बनलेलाच नव्हता. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे २० टक्के मिश्रणात सात टक्क्यांच्या आसपास. मिश्रण पातळ होते, गाडी खोकते, प्लगचे टोक पांढरे पडते. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा हा भोकाच्या मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा: १२५ म्हणजे १.२५ मिमी. मेन जेट एक-दोन पायऱ्या, म्हणजे पाच ते दहा आकड्यांनी, मोठा करून प्लगचा रंग बघायचा. जुना पार्टवाला आज जिवंत असता तरी हे त्याला नव्याने शिकावे लागले असते. त्याच्याकडचे सगळे ज्ञान कायमचे होते असे मानणारे त्याला देव्हाऱ्यात बसवतात आणि त्याच्या कामाचा अपमान करतात.

मोबाइलवाल्यांचा आणखी एक मुद्दा जोरकस आहे: जुनी पार्ट कॅटलॉग आता स्कॅन होऊन सगळ्यांना मिळतात, मग माणूस हवा कशाला? कॅटलॉग चांगलेच आहे, ज्याच्याकडे असेल त्याने छापून गॅरेजमध्ये लावावे. पण गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात काय होते, एवढेच कॅटलॉग सांगते. आपल्याकडच्या गाड्यांनी तीन-तीन जन्म घेतले आहेत. पेट्रोल महागले तसे पेट्रोलची जीप डिझेलची झाली, अँबेसेडरला दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स आला, फियाटचा क्रँक तीनदा ग्राइंड झाला. आणि भाषेचा घोळ वेगळाच. गॅरेजमध्ये "चाळीस नंबरचा पिस्टन" म्हणतात. अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला, ज्याचा मूळ बोअर ७३.०२५ मिमी, चाळीस म्हणजे चाळीस थाउ, इंचाचे हजारावे भाग: १.०१६ मिमी. पद्मिनीच्या, म्हणजे फियाटच्याच, १०८९ सीसी इंजिनाला, मूळ बोअर ६८ मिमी, चाळीस म्हणजे ०.४० मिमी. शब्द एक, माप अडीचपट. त्यातही गंमत अशी की फियाटचे पिस्टन मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढतात, पण तिच्याच क्रँकच्या बेअरिंगची पायरी ०.२५४ मिमी, म्हणजे बरोबर दहा थाउ. फोनवरून "चाळीस" मागवणारा आणि पाठवणारा दोघेही प्रामाणिक असतील. सेट तरी चुकीचाच येईल. गल्ल्यावर विचारले जाई, "बोअर झालाय की करायचाय?" पिस्टन आधी घ्यायचा, मायक्रोमीटरने मोजायचा, आणि मग त्या पिस्टनला धरून ब्लॉक बोअर करायचा, हा क्रम दुकानातूनच ठरे. उलट केले तर ब्लॉक वाया. आणि घरी जाण्याआधी एक सूचना असेच: रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसतीच बोअरमध्ये सोड, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली लोट, आणि तोंडातली फट फिलर गेजने बघ. अँबेसेडरला ०.२ ते ०.३ मिमी. त्याहून कमी असेल तर इंजिन तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि नवा बोअर ओरखडून टाकते. कॅटलॉगच्या कुठल्या पानावर कोणी हे बोलून दाखवते?

सीमाभागात ही ओळख इतकी दाट का झाली, याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, व्यापाराचे तोंड मुंबईकडे. फियाट कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये बनत होती, जीप मुंबईच्या महिंद्रांची. अँबेसेडर उत्तरपाड्याहून, स्टँडर्ड हेराल्ड मद्रासहून, येझदी म्हैसूरहून. मुंबईच्या ऑपेरा हाउसचा बाजार, पुण्याची नाना पेठ आणि बेंगळुरूचा जे. सी. रोड, तिन्हीकडचा माल ज्याच्या फळीवर एकत्र येतो असे गाव या हमरस्त्यावर बेळगावच. त्यात गोवा उंबऱ्यावर. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज अमलात युरोपच्या गाड्या सहज उतरत, आणि पुढे त्या घाट चढून वर आल्या की त्यांच्या सहा व्होल्टच्या दिव्यांना आणि अनोळखी बेअरिंगांना पर्याय शोधणारा माणूस इथेच लागे. राज्याची रेघ आड आली ती कागदावर. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, पण तिथून आलेली पिस्टनची पेटी म्हणजे परराज्यातली खरेदी, केंद्रीय विक्रीकराचा सी फॉर्म आणि चेकपोस्ट. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती कटकट संपली. गंमत बघा, पेटी मोकळी झाली तोवर पेटीत काय असावे हे सांगणारा म्हातारा झाला होता.

"ओळखीचे वेगळे पैसे कोण देणार?" असे विचारणाऱ्यांनी आपल्याच गावाचा इतिहास बघावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले; ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामूअण्णा इथे विकत. सायकल विकण्याचे पैसे निराळे आणि बसायला शिकवण्याचे निराळे. वस्तू आणि विद्या यांचे बिल एकाच गल्ल्यावर वेगळे फाडता येते, हे या गावाने विमान उडायच्या आधी पाहिले आहे. पार्टच्या धंद्याने ते केले नाही, विद्येची किंमत लोखंडात लपवली. ती लपलेली होती तोवर चालले. मोबाइलवर लोखंडाचा उघडा भाव दिसू लागला त्या दिवशी गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन नंबर विचारून, फोटो काढून, घरी जाऊन मागवू लागले. दुकानदाराला लुटारू म्हणणाऱ्या किती जणांनी अशी फुकटची ओळख खिशात घातली आहे, हे त्यांनी स्वतःशी आठवावे. दुकाने मेली ती मुख्यतः या गळतीने. मोबाइलने गळती दाखवून दिली, भोक आधीच होते.

हे सगळे श्रीमंतांच्या छंदासाठी कशाला, हा आक्षेप उरतो, आणि त्यातला एक भाग मान्य. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी रोज शहरातून फिरवू नये. पण कायद्याकडेच बघा. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी व्हिंटेज ठरते, आणि तिचे मूळ रूप टिकलेले असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ती फी सहाशेवरून पाच हजार झाली. पंधरा ते पन्नास, मधली पस्तीस वर्षे गाडीने मूळ रूपात राहायचे ते कोणाच्या भरवशावर? पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, त्यातली शेवटची गाडी व्हिंटेज व्हायला २०५० उजाडेल. अँबेसेडर २०१४ ला थांबली, तिला २०६४. मूळ पार्ट कोणता हे सांगणारा माणूसच नसेल, तर मूळ रूपाची अट तपासणार कोण आणि पाळणार कोण? शिवाय ही ओळख फक्त मोटारींची नाही. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन, उसाचा चरक, ट्रॅक्टर, यांचे बुश, सील आणि बेअरिंग त्याच फळीवरून जात होते, आणि ते घेणारा शेतकरी छंदाला येत नव्हता.

उपाय म्हणून "आपल्याकडे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहेत, लेथ आहेत, हवे ते बनवून घेऊ" असे उत्साहाने सांगितले जाते. बनवता येईल, पण बनवण्यालाही ओळखच लागते. बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, ओतकाम थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. वॉटर पंपाचा जुनाच हाउसिंग पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वाळूत दाबला तर २०० मिमीचा पार्ट १९८ चा निघतो आणि स्टडची भोके जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढ्या वाढीव मापाने करावा लागतो, आणि मशिनिंगची जादा जाडी वेगळी धरावी लागते. त्याहून मोठी चूक म्हणजे झिजलेला पार्ट नमुना म्हणून देणे. अर्धा मिमी खाल्लेल्या किंगपिनवरून, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या पिनवरून, किंगपिन बनवला तर झीज नवीकोरी होऊन येते. किंगपिन, स्टब अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचा कुठलाही दांडा हा पोलादाची जात आणि हार्डनिंगची खोली माहीत असल्याशिवाय बनवूच नये; तिथे हौस चालत नाही. बिडाचे हाउसिंग, बुश, कव्हर, रबरी माउंटिंग एवढ्यावर थांबावे. आणि यातल्या प्रत्येकाला लागतो एक न वापरलेला नमुना.

तो नमुना दुकानात असतो. जुन्या पार्टवाल्याच्या पाठीमागच्या भिंतीवर तारेत ओवलेली माळ असे: प्रत्येक जातीचा एकेक कप, एकेक बुश, एकेक नट, सोबत पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेली गाडी, साल, माप. शेजारी लाल कापडी बांधणीची चोपडी, तिच्यात कुठल्या पार्टाऐवजी कुठला चालतो आणि काय घासून बसवावे लागते याच्या नोंदी. यातले काही विकायचे नसे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करत होते, तेव्हा घरच्यांना ती रद्दीच वाटत होती. ज्या १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले त्याच साली बेळगाव सोडून किर्लोस्करवाडी वसली, हा निव्वळ योगायोग, पण दोन्ही कामे एकाच जातीची. आज दुकान आवरताना माल एखादा घाऊकवाला नेतो, कपाटे सुताराकडे जातात, चोपडी रद्दीत आणि तारेची माळ भंगाराच्या काट्यावर जाते. मालकाला तिचे काहीच मोल मिळत नाही, म्हणून तो विचारत नाही.

त्याला विचारायला जाणाऱ्याने हात हलवत जाऊ नये. चोपडीचे आणि माळेचे पैसे देऊ असे आधीच बोलावे, आणि मालकाच्या सोबत बसण्याचे दिवसाचे वेगळे. मेस्त्रीला मजुरी देतो तशी. माळ तारेवरून सोडवण्याआधी तिचा क्रमाने फोटो काढावा, कारण शेजारशेजारचे नमुने बहुधा एकमेकांऐवजी चालणारे असतात आणि तो क्रम हीच अर्धी नोंद असते. मग एकेक नमुना पांढऱ्या कागदावर, शेजारी स्टीलची पट्टी, पुठ्ठ्याची दोन्ही अंगे. रबर असेल तर आतला-बाहेरचा व्यास आणि उंची व्हर्नियरने. आटे असतील तर पट्टीने मोजून इंचाचे की मिलिमीटरचे ते. चोपडीतल्या ज्या ओळीपुढे फुली आहे ती नोंद आधी वाचून घ्यावी. फुली म्हणजे तो पार्ट एकदा बसवून पाहिलेला असतो, आणि तो बसत नाही.